रिव्हर्स कॅमेरा: १९५६ ते २०१८, मधली ६२ वर्षं कुठे गेली?

रिव्हर्स कॅमेरा कधी आला, असं शोधलंत तर पटकन १९५६ हे साल मिळतं. जनरल मोटर्सने त्या वर्षीच्या मोटोरामा प्रदर्शनात ब्यूक सेंच्युरियन ही गाडी मांडली होती. मागचं बघायला तिला आरसाच नव्हता. मागे टीव्ही कॅमेरा आणि डॅशबोर्डवर पडदा. ‘पहिला’ सापडला, लिटरेचर रिव्ह्यूत एक ओळ झाली, असं म्हणून आपण पुढे सरकतो. पण अमेरिकेत नव्या मोटारींना हा कॅमेरा सक्तीचा झाला तो १ मे २०१८ पासून. मधली ६२ वर्षं कुठे गेली? माझ्या मते, धरून बसायचा प्रश्न हा आहे.

थोडं मागे जाऊ. १९११ च्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत बाकीच्या गाड्यांत मागे लक्ष ठेवायला मेकॅनिक शेजारी बसायचा. रे हॅरून एकटाच होता, म्हणून त्याने आरसा लावला. तो जिंकलाही. नंतर मात्र त्याने सांगितलं की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की काही दिसतच नव्हतं! पुढे आरसे सुधारले, पण एक अडचण राहिलीच. आतला आरसा मागच्या काचेतून दिसेल तेवढंच दाखवतो. डिकीच्या खालच्या उंचीचं काही, म्हणजे रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल, त्यात येत नाही.

सेंच्युरियन रस्त्यावर का आली नाही, याचं अर्धं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. तेव्हाचा कॅमेरा निर्वात नळीवर चालायचा आणि पडदाही नळीचाच: जागा खाणारा, नाजूक, महाग. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी शोधला, आणि कॅमेरा बोटाएवढा होण्याचा रस्ता उघडला. १९९१ च्या टोयोटा सोअररच्या महागड्या मॉडेलमध्ये तो मागच्या स्पॉयलरमध्ये बसला. पण बघा, त्या गाडीत इतर कामांसाठी पडदा आधीच होता. कॅमेरा त्याच्या आधाराने आला.

उरलेलं अर्धं उत्तर हिशेबात आहे, आणि ते वाचताना त्रास होतो. गाडी मागे घेताना दगावलेल्या दोन वर्षांच्या कॅमेरॉन गुलब्रॅन्सनच्या नावाने केलेल्या कायद्यावर २००८ मध्ये सही झाली. नियम २०११ पर्यंत यायचा होता, तो पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला. कारण खर्च-लाभाचं गणित जमत नव्हतं. अशा अपघातांत वर्षाला सुमारे २१० मृत्यू, त्यातले ३१ टक्के पाच वर्षांखालचे. सगळ्या गाड्यांना कॅमेरे लागल्यावर वाचतील ५८ ते ६९ जीव. पैशात मोजलं तर खर्च जास्त भरत होता. पण अनेकदा चालवणारे आईवडीलच असतात, त्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची? शेवटी पालक आणि ग्राहक संघटना कोर्टात गेल्या, आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी, ३१ मार्च २०१४ ला नियम जाहीर झाला. गाडीमागची १० फूट रुंद, २० फूट लांब जागा रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत दिसली पाहिजे.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही. त्यामुळे पडदा नसलेल्या गाड्यांसाठी आरशातच डिस्प्ले असलेला सेट विकला जातो. सेंच्युरियनने आरसा काढून पडदा लावला. इथे पडदा पुन्हा आरशात शिरला. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण नजर सवयीने तिथेच जाते. सेट जुन्या आरशावर रबरी पट्ट्यांनी बसतो. कॅमेऱ्याला वीज मिळते रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीतून. तोच दिवा आरशालाही कळवतो की गिअर पडला. चित्र डावं-उजवं उलटवलेलं असतं, नाहीतर डावीकडचा खांब उजवीकडे दिसला असता.

मात्र स्वस्त सेटमधल्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा तुमच्या गाडीच्या मापाने आखलेल्या नसतात. कॅमेऱ्याची उंची किंवा कोन बदलला की त्यांचा अर्थ बदलतो. तेव्हा बसवून झाल्यावर टेपने मोजा, बंपरपासून अर्ध्या, एक आणि दोन मीटरवर एकेक वीट ठेवा, आणि कुठली रेष कुठे पडते ते लिहून घ्या.