मुंबईचा इंप्रूव्हमेंट ट्रस्ट : एका शहरसुधारणेचा हिशेब

यवतमाळ, पुसद किंवा वणी येथील जुन्या पेठेंतून जातांना आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत येतें, कीं एखादी भक्कम संस्था यावी, तिनें ही सारी दाटी पाडावी आणि गांवाचा मध्यभाग नव्यानें वसवावा. इच्छा वाईट नाहीं. परंतु असा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रांत एकदां फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. त्याचा जमाखर्च पाहिल्यावांचून नवा डाव मांडणें शहाणपणाचें नव्हे.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळूं लागले, व्यापार थंडावला. रोगाचें मूळ कोंदट, अंधाऱ्या घरांत आहे अशी त्या काळची समजूत होती. उंदरांवरील पिसवा तो पसरवितात हें शास्त्रज्ञांना सर्वमान्य होण्यास पुढें कांहीं वर्षें लागलीं. या भीतींतूनच १८९८ सालीं कायदा होऊन मुंबईचा सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. सरकारनें व म्युनिसिपालिटीनें त्याला मोकळ्या जमिनी दिल्या, कर्जरोख्यांनीं भांडवल उभें झालें आणि खासगी जागा सक्तीनें घेण्याचा अधिकार हातीं आला. विश्वस्तांत सरकारचे व व्यापारी संस्थांचे प्रतिनिधि होते; म्युनिसिपालिटीनें निवडलेले सभासद अल्पसंख्य होते; आणि ज्यांच्या खोल्या पडावयाच्या, त्या भाडेकऱ्यांचा प्रतिनिधि तर एकही नव्हता.

ट्रस्टची जमेची बाजू लहान नाहीं. समुद्रावरचा वारा दाट वस्तींत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढण्यांत आले. आज तेच शामळदास गांधी मार्ग व सरदार वल्लभभाई पटेल मार्ग या नांवांनीं शहराचा भार वाहत आहेत. उत्तरेस दादर-माटुंग्याच्या शेतजमिनींवर आंखीव वसाहती झाल्या. हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी हीं त्यांचींच फळें होत.

आतां खर्चाची बाजू पाहूं. कर्जाचें व्याज फेडावयाचें, तर नव्या रस्त्यालगतच्या जागा चढ्या भावानेंच दिल्या पाहिजेत. तशा भावाची जागा दुकानदारास परवडे, हमालास परवडत नसे. त्याला तर गोदीजवळ किंवा बाजाराजवळ, पायीं जातां येईल अशाच ठिकाणीं राहणें भाग होतें. घर पडतांच तो शेजारच्या गल्लींत शिरे. तेथें दाटी वाढे आणि भाडेंही चढे. पहिल्या वर्षांत जितक्या खोल्या पडल्या तितक्या नव्या उठल्या नाहींत. म्हणजे एका गल्लींतील अंधार दुसऱ्या गल्लींत नेऊन ठेवला, असेंच म्हणावें लागतें.

हें ट्रस्टच्याही ध्यानीं आलें. अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं सरसकट पाडापाडीऐवजीं प्रकाशाच्या नियमावर भर दिला. तो ६३½ अंशांचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. खोलीच्या खिडकीसमोर भिंतीच्या उंचीच्या निम्मी तरी जागा मोकळी असावी, एवढाच त्याचा अर्थ. १९१४ सालीं हिंदुस्थानांत आलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनींही हाच विचार पुढें नेला : शस्त्रवैद्यानें दूषित भाग तेवढाच कापावा, सारें अंग नव्हे.

ट्रस्टनें गरिबांसाठीं चाळीही बांधल्या. परळ येथील अशाच एका चाळींतील दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षें कुटुंबासह राहिले. रुंद रस्त्याइतकेंच, किंबहुना अधिकच, श्रेय ट्रस्टला या खोल्यांचें द्यावें लागेल. त्या पुरेशा नव्हत्या, हाच खरा आक्षेप.

१९३३ सालीं ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला. आपला जिल्हा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत मोडत असे, त्याच्या राजधानींतही नागपूर इंप्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा १९३६ सालीं झाला. अर्थात् ही कल्पना आपल्या दारापर्यंत कधींच येऊन पोंचली आहे. म्हणून उद्यां आपल्या पेठेचा नकाशा कोणी समोर ठेवील, तेव्हां रस्त्याची रुंदी अवश्य पाहावी, जागेचा भावही विचारावा. पण पहिला प्रश्न निराळा असावा : आज येथें जो राहतो व कमावतो, तो काम पुरें झाल्यावर कोठें निजेल? या प्रश्नाचें उत्तर नकाशांत नसेल, तर पेठ सुंदर होईल, पण ती आपली राहणार नाहीं.