यादीत नसलेली बेटं

ऑफिसात मी सर्व्हर मॉनिटर करतो. जो सर्व्हर यादीतच नाही, त्याचा अलर्ट कधी येत नाही. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचं तसंच झालं, बघा.

अमेरिकेला दिएगो गार्सियावर लष्करी तळ हवा होता, म्हणून ब्रिटनने १९६८ ते १९७३ मध्ये सगळ्या रहिवाशांना तिथून हुसकावलं. त्यांची कुत्रीसुद्धा मारली. १९७६ला ब्रिटनने आर्थिक, सामाजिक, सांस्कृतिक हक्कांचा करार स्वीकारला. तो लागू असलेल्या प्रदेशांच्या यादीत जेमतेम पन्नास वस्तीचं पिटकर्न आहे, चागोस नाही. नागरी हक्कांच्या जुळ्या करारावरून संयुक्त राष्ट्रांच्या समितीने विचारलं, तेव्हा ब्रिटन म्हणालं, तिथे लोकवस्तीच नाही.

अरे, पण रिकामं केलं कुणी? ती माणसं तेव्हा मॉरिशसमध्ये, पोर्ट लुईच्या झोपड्यांत राहत होती.