अठ्ठावन्न दिवस आणि तीन वर्षे

श्रोतेहो, छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे आगगाडी पोचली ती १९०० साली. तत्पूर्वी गुलमंडीच्या पेठेतील मनुष्यास मुंबई गाठावयाची तर प्रथम नांदगाव स्थानकापर्यंत टांग्याचा अथवा बैलगाडीचा रस्ता तुडवावा लागे. परदेशी जाऊन वैद्यक शिकण्याची गोष्ट त्या काळी किती दुर्घट असेल, याची कल्पना यावरून यावी. तथापि खरा अडथळा रस्त्याचा होता काय?

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते. चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला. अवघ्या दहा दिवसांत योग्य उपचारांअभावी तो गेला. या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला. पती गोपाळराव पोस्ट खात्यात नोकरीस होते. त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांस साहाय्यासाठी पत्र लिहिले. परंतु धर्मांतराची अट पुढे आली, आणि ती त्या दांपत्याने मानली नाही. ते पत्र छापून आले व न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. १८८० मध्ये पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यातून मावशी-भाचीसारखा जिव्हाळा जडला.

तरीही प्रस्थानास १८८३ चा एप्रिल उजाडला. पैशाची चणचण, प्रकृतीची तक्रार, बदल्या ही कारणे होतीच. परंतु समुद्रोल्लंघनाचा निषेध व लोकनिंदा यांचा भार त्यांहून जड होता. श्रीरामपूर महाविद्यालयातील सभेत आनंदीबाईंनी आक्षेपांना एकेक करून उत्तर दिले : या देशास स्त्री-वैद्यांची गरज आहे, मी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन. मग ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघून ४ जूनला त्या न्यू यॉर्कला उतरल्या. समुद्राने अठ्ठावन्न दिवस घेतले. समाजाने व संसाराने तीन वर्षे!

पलीकडचा समाज तरी उदार होता असे कोणी समजू नये. फिलाडेल्फियातील स्त्रियांचे वैद्यक महाविद्यालय १८५० साली निघाले, ते पुरुषांच्या महाविद्यालयांची दारे स्त्रियांस बंद होती म्हणून. १८६९ मध्ये तेथील विद्यार्थिनी पेनसिल्व्हानिया इस्पितळात शिकावयास गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडविली. त्याच महाविद्यालयातून आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. पदवीपूर्वी जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्यासह त्यांचे छायाचित्र निघाले. तीन देशांच्या तीन कन्या आपापल्या घरच्या रूढी ओलांडून एका बाकावर बसल्या होत्या.

परतल्यावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्री-विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. परंतु क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या निवर्तल्या. वयाची बाविशीही पुरी झाली नव्हती. पुढे रखमाबाईंनी लंडनहून वैद्यक शिकून १८९५ मध्ये सुरतेस रुग्णसेवा आरंभिली, आणि ती वाट मोकळी राहिली.

आज अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास एका दिवसावर आला आहे. विलंबाचा दोष आगबोटीवर टाकण्याची सोय उरलेली नाही. एखाद्या कन्येचे पाऊल अजूनही उंबरठ्यावर थबकत असेल, तर श्रोतेहो, तो विलंब कोणाच्या घरचा, हे आपले आपणच शोधावे.