गाडीतला बिडी-सिगारेटचा वास कसा घालवायचा? अत्तर मारून नाही, पुसून-धुऊन जातो

सेकंड हँड गाडी घरी येते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. चार दिवसांनी दुपारच्या उन्हात काचा लावून गाडी उभी राहते आणि दार उघडलं की बिडी-सिगारेटचा जुना, आंबट वास नाकात शिरतो. गाडी दाखवताना मालकाने सुगंधी डबी ठेवलेली असते, त्यामुळे व्यवहाराच्या वेळी काही कळत नाही. मग घरातल्या लहान पोराला मळमळतं, म्हातारी माणसं काच खाली करायला सांगतात.

हा वास जाऊ शकतो. फक्त काम क्रमाने करावं लागतं.

वास हवेत नसतो, चिकटलेला असतो

धुरात निकोटिन आणि डांबरासारखा चिकट पदार्थ असतो. बंद गाडीत तो काचा, डॅशबोर्ड, सीटचं कापड, छताचं कापड, सीट बेल्ट आणि एसीच्या आतल्या जाळीवर बसतो. थरावर थर चढत जातो. ऊन लागलं की हा थर तापतो आणि वास पुन्हा हवेत सुटतो. म्हणून काचा दिवसभर उघड्या ठेवल्या तरी दुसऱ्या दिवशी वास तसाच. अत्तर, स्प्रे, लिंबाची डबी यांनी तो झाकला जातो, जात नाही.

हा थर नुसता वासाचा प्रश्न नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की, पृष्ठभागावर बसलेल्या निकोटिनचा हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग होऊन कर्करोगाला कारण ठरू शकणारी रसायनं तयार होतात. लहान मुलं सीटला हात लावतात, तोच हात तोंडात घालतात. त्यामुळे त्यांना याचा धोका जास्त.

आधी गाडी पूर्ण रिकामी करावी

कोरड्या हवेचे दोन-तीन दिवस निवडावेत. पावसाळ्यात सीट ओल्या राहिल्या तर धुराच्या वासाची जागा बुरशीचा वास घेतो.

मॅट, सीट कव्हर, उशा, डिकीतलं सामान बाहेर काढावं. राखदाणी काढून साबणाने धुवावी. सीटच्या खाली, सीटच्या फटीत, दाराच्या कप्प्यात थोटकं आणि राख हमखास सापडते. ती राहिली तर बाकी सगळी मेहनत वाया. घरी व्हॅक्यूम नसेल तर जवळच्या वॉशिंग सेंटरवर फक्त आतून व्हॅक्यूम मारून घ्यावा.

दारं बराच वेळ उघडी राहणार असतील तर आतला दिवा बंद करायला विसरू नये. नाहीतर संध्याकाळी बॅटरी उतरलेली असते आणि गाडी ढकलावी लागते.

काचा आणि प्लॅस्टिक

अर्धी बादली कोमट पाणी, त्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण. मऊ कापड बुडवून, घट्ट पिळून डॅशबोर्ड, स्टिअरिंग, दारं, हँडल पुसावीत. कापड पिवळसर-तपकिरी झालं की समजावं, वासाचा थर निघतोय. पाणी बदलत राहावं. कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसावं.

काचांना आतून पांढरा व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन पुसावं. व्हिनेगरचा वास एक-दोन दिवसांत उडून जातो. म्युझिक सिस्टीमच्या स्क्रीनवर मात्र व्हिनेगर लावू नये, तिथे किंचित ओलं कापड पुरे.

सीट, मॅट आणि सीट बेल्ट

कापडी सीटवर आणि खालच्या कार्पेटवर खाण्याचा सोडा भुरभुरावा. पाच सीटच्या गाडीला साधारण पाव किलो पुरतो. हलक्या ब्रशने तो कापडात घोळवून रात्रभर ठेवावा, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. दुकानात मागताना खाण्याचा सोडा असंच सांगावं. धुण्याचा सोडा वेगळा असतो, तो कडक असतो आणि कापडाचा रंग खराब करतो.

वास जुना असेल तर सोड्यानंतर सीट शाम्पू करून घ्यावी. नुसता फेस लावावा, पाणी ओतू नये. सीटखाली वायरिंग असतं, अनेक गाड्यांत एअरबॅगच्या तारा असतात. रेक्झिन किंवा चामड्याच्या सीटला साबणाचं पिळलेलं कापड आणि लगेच कोरडं कापड एवढंच करावं.

सीट बेल्ट बहुतेक जण विसरतात. पट्टा पूर्ण बाहेर ओढून, चिमटा लावून अडकवावा, साबणाच्या पाण्याने पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच आत सोडावा. बेल्टला ब्लीच लावू नये, धागे कमजोर होतात.

छताला हात जपून लावावा

धूर वर जातो, त्यामुळे सगळ्यात जास्त थर छतावर. पण छताचं कापड गोंदाने चिकटवलेलं असतं. ते भिजलं की सुटून खाली लोंबतं आणि नवीन बसवायचा खर्च अंगावर येतो. फवारा थेट छतावर मारू नये. कापडावर थोडा फेस घ्यावा, एकाच दिशेने हलक्या हाताने पुसावं, घासू नये.

एसीमध्ये लपलेला वास

सगळं धुतलं तरी एसी लावला की वास येतो, अशी तक्रार असते. कारण आतलीच हवा फिरवायचं बटण चालू असताना ओढलेला धूर एसीच्या आत गेलेला असतो.

बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे केबिन फिल्टर असतो. काही स्वस्त किंवा जुन्या मॉडेलमध्ये तो नसतो, मेकॅनिकला विचारून घ्यावं. धुरात भिजलेला फिल्टर धुऊन उपयोग होत नाही, बदलावाच. जुना सुरुवातीला काढावा आणि सफाई पूर्ण झाल्यावर नवा बसवावा. कार्बनचा थर असलेला फिल्टर मिळाला तर जास्त चांगलं.

मग गाडी मोकळ्या जागेत चालू करावी, काचा खाली, बाहेरची हवा घेण्याचं बटण चालू, पंखा पूर्ण वेगात, दहा-पंधरा मिनिटं. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, इंजिनच्या धुराने जीव जाऊ शकतो. तरीही वास राहिला तर एसीच्या आतल्या भागाची सफाई मेकॅनिककडून करून घ्यावी.

या चुका टाळाव्यात

- बंद गाडीत अगरबत्ती, धूप किंवा कापूर लावू नये. धुरावर आणखी धुराचा थर बसतो, शिवाय आगीची भीती.
- ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.
- शहरातल्या काही दुकानांत ओझोन मशीन लावून वास काढतात. मशीन चालू असताना गाडीत माणूस, जनावर कोणी नसावं आणि नंतर दारं उघडून गाडी चांगली हवेशीर करावी. आधी पुसून-धुऊन घेतल्याशिवाय ओझोनचाही पूर्ण फायदा होत नाही.

शेवटची खात्री

कोळशाचे कोरडे तुकडे कापडी पिशवीत बांधून आठवडाभर सीटखाली ठेवावेत. उरलासुरला वास कमी होतो. चुलीतला कोळसा घेतला तर तो पूर्ण थंड असावा.

मग काचा बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवावी आणि बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला दार उघडून वास घ्यायला सांगावा. ओढणाऱ्याच्या नाकाला सवय झालेली असते, त्याला कळत नाही. वास आलाच तर छत, सीट बेल्ट आणि एसी पुन्हा तपासावेत. वर्षानुवर्षं धूर मुरलेल्या गाडीला दोन-तीन फेऱ्या लागतात.

गाडी घ्यायच्या आधीही हीच परीक्षा करता येते. सुगंधी डबी बाहेर काढायला लावावी, गाडी उन्हात बंद ठेवावी, सीट बेल्ट पूर्ण ओढून त्याचा वास घ्यावा, एसी लावून बघावा. वास आला तर सफाईचा खर्च धरून भाव कमी करून मागावा.

पुन्हा वास नको असेल तर

गाडीत पुन्हा बिडी पेटली तर पहिल्या दिवसापासून थर चढायला लागतो. काच खाली करून ओढली तरी धूर मागच्या सीटवर जातोच. वडाप, रिक्षा, स्कूल व्हॅन अशा प्रवासी गाड्यांत तर २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने धूम्रपानाला बंदी आहे आणि २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरच्या गाडीत हा नियम घरच्यांनीच करायचा. सवय सोडायची असेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी आहे: १८००-११-२३५६.