परसांतून कपाटांत

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत कॅलिफोर्नियांत भाच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. त्याच्या बिऱ्हाडांत भाडें वांटून घेणारा एक अमेरिकन तरुण होता. एके दिवशीं तो मला मोठ्या कौतुकानें आपल्या खोलींत घेऊन गेला आणि त्यानें भिंतींतल्या कपाटाचें दार उघडलें. आंत कपडे नव्हते. वरच्या दांडीला विजेचा दिवा टांगलेला, कोपऱ्यांत इवलासा पंखा फिरत असलेला, आणि खालीं एका कुंडींत हाताच्या पंजासारखीं पानें पसरून उभें असलेलें एकच झाड. तें गांजाचें होतें. "हें माझें पहिलेंच," असें तो म्हणाला, तेव्हां पहिल्यांदाच पुरणपोळी लाटून सासूबाईंपुढें ठेवणाऱ्या सुनेच्या चेहऱ्यावर जो अभिमान आणि जी धास्ती एकदम दिसते तीच त्याच्या चेहऱ्यावर होती. दिव्याच्या तारेला एक लहानसें घड्याळ जोडलेलें होतें. तें बारा तास दिवा लावी व बारा तास मालवी.

भाचा हळूच म्हणाला, "मामा, येथें कायद्याची परवानगी आहे बरें का!" ती आहे हें मला ठाऊक होतें. २०१६ च्या नोव्हेंबरांत त्या राज्याच्या मतदारांनीं कौल देऊन प्रौढ माणसास घरीं सहा झाडें लावण्याची मुभा दिली. माझ्या मनांत आलेला प्रश्न निराळाच होता. बाहेर कॅलिफोर्नियाचें लख्ख ऊन पडलेलें असतां हें झाड अंधाऱ्या कपाटांत कां? त्या तरुणानें चार कारणें सांगितलीं: शेजाऱ्यांची नजर, वास, चोरी, गांवचे नियम. चारही खरीं होतीं. परंतु भीतीचें कारण गेलें तरी भीतीनें लावलेली संवय मागें उरते, आणि अशा संवयींचा माग काढणें हा तर इतिहासाच्या अध्यापकाचा धंदाच आहे.

आपल्या देशांत या झाडाला दडून राहण्याची गरज फार काळ पडली नव्हती. अथर्ववेदांत ज्या पांच वनस्पतींचा एकत्र उल्लेख येतो त्यांत 'भंग' हें नांव आहे. ती हीच वनस्पति काय, याविषयीं पंडितांत वाद आहे. वैद्यकांत तिला 'विजया' असें भारदस्त नांव मिळालें. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या औषधिविषयक संवादांत भांगेला स्वतंत्र प्रकरण आहे. हिमालयाच्या पायथ्याशीं तर हें झाड वाटेच्या कडेला व उकिरड्यावर आपोआप उगवतें. त्याचीं पानें ती भांग, मादी झाडाचे चिकट तुरे तो गांजा, आणि त्याची राळ तो चरस. या झाडांत नर व मादी वेगवेगळीं असतात. नराचा पराग लागला म्हणजे मादी बियांवर येते आणि गांजाचा कस जातो. म्हणून बंगालमध्यें राजशाही जिल्ह्यांतील नौगांवच्या मळ्यांतून नर झाडें ओळखून उपटणारे पारखी मजुरीनें बोलावीत असत. मध्यप्रांतांत खांडवा आणि मुंबई इलाख्यांत मुख्यत्वेंकरून आपला अहमदनगर जिल्हा, हीं त्या लागवडीचीं नांवाजलेलीं ठिकाणें होतीं. हेमचंद्र कर यांनीं १८७७ सालीं आणि डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८९३ सालीं बंगालमधील लागवडीवर सविस्तर अहवाल लिहिले. ते वाचतांना ऊंस किंवा तंबाखू यांविषयीं वाचीत आहों असेंच वाटतें. लपवाछपवीचा मागमूसहि त्यांत नाहीं.

१८९३ च्या मार्चमध्यें विल्यम केन या मद्यपाननिषेधवादी सभासदानें पार्लमेंटांत गांजाविषयीं प्रश्न विचारला, आणि त्याच वर्षीं जुलैंत हिंदुस्थान सरकारनें सात सभासदांचें एक कमिशन नेमलें. मॅक्वर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सभासदांत तीन हिंदी होते: ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनामसिंग अहलुवालिया आणि मुझफरनगरचे लाला निहालचंद. कमिशननें देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या व १८९४ च्या ऑगस्टांत आपलें काम संपविलें. त्या अहवालांतील एक गोष्ट मी दर वर्षीं वर्गांत सांगतों, कारण पुरावा कसा तपासावा याचा तो उत्तम धडा आहे. १८९२ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ लोकांपैकीं २२२ जण गांजाभांगेमुळें वेडे झाले, असें दप्तर सांगत होतें. कमिशननें एकेक प्रकरण पुन्हां उकरून काढलें. रोगी आला कीं कारणाच्या रकान्यांत कांहींतरी भरावयाचें, आणि पोलिसानें 'गांजा' म्हटलें म्हणजे डॉक्टरानें तोच शब्द उतरून घ्यावयाचा, अशी पुष्कळ ठिकाणीं वहिवाट होती. सारी छाननी झाल्यावर २२२ चे ९८ उरले, आणि त्यांतहि ३७ जणांच्या बाबतींत दुसरींहि कारणें होतीं.

माफक सेवनानें बहुधा अपाय होत नाहीं, अतिसेवन घातक आहे, आणि सरसकट बंदी अनावश्यक व गैरसोयीची आहे, असा कमिशनचा निष्कर्ष होता. राजे शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनीं आपलें भिन्नमत नोंदविलें, हेंहि विसरतां कामा नये. परक्या अंमलदारांचें औदार्य आणि देशी सभासदांची चिंता हीं एकाच अहवालांत शेजारीं शेजारीं छापलेलीं आहेत. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें शिफारसी अधिक महत्त्वाच्या. पुरेसा कर बसवावा, दुकानांची संख्या आटोक्यांत ठेवावी, जवळ बाळगण्याच्या मालाला मर्यादा घालावी, परवान्यावांचून लागवड करूं देऊं नये, आणि लागवड थोड्या ठिकाणीं एकवटावी. शेवटच्या दोन कलमांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. एकवटलेल्या मळ्यावर पहारा ठेवतां येतो, कर बसवितां येतो. परसांतलें एकटें झाड कर देत नाहीं. म्हणजे ज्या कमिशननें गांजाला निर्दोष नव्हे तरी सुसह्य ठरविलें, त्यानेंच घरच्या झाडाला संशयित केलें. त्याला अपराधी ठरविण्याचें काम पुढच्या शतकानें केलें.

आतां त्या घड्याळाकडे वळूं. तें कपाटांत आलें तें मात्र कायद्यामुळें नव्हे, तर शुद्ध शास्त्रीय जिज्ञासेमुळें. पॅरिसमध्यें झ्युल्यां तुर्नुआ नांवाचा एक तरुण संशोधक जपानी हॉप आणि हेंच गांजाच्या कुळांतलें ताग-अंबाडीसारखें झाड, ज्याला युरोपांत 'हेंप' म्हणतात, तीं काचघरांत वाढवीत होता. हिवाळ्यांत पेरलेलीं रोपें अगदीं चिमुकलीं असतांनाच फुलावर येतात हें पाहून तो चकित झाला. १९१२ सालीं त्यानें आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं, आणि १९१४ सालीं तर दिवसाच्या आखूडपणापेक्षां रात्रीच्या लांबीला अधिक महत्त्व असावें अशा निष्कर्षापर्यंत तो पोंचला. त्यापुढें त्याचें काम गेलें नाहीं. पहिल्या महायुद्धांत तो मारला गेला. पुढें अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील गार्नर व अॅलर्ड यांच्यासमोर तंबाखूची एक जात होती. ती उन्हाळ्यांत माणसाच्या दुप्पट उंच वाढे, पण फुलेना. १९१८ च्या जुलैंत त्यांनीं वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन येथील प्रयोगशेतींत कुत्र्याच्या खोपटासारखी एक अंधारी पेटी बांधली व रोज दुपारीं कुंड्या तींत कोंडून दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाहेर काढण्याचा क्रम ठेवला. तंबाखूला लौकरच कळ्या आल्या. १९२० सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि वनस्पति ऋतु ओळखते ती रात्र मोजून, ही गोष्ट हळूहळू शास्त्रांत रूढ झाली. पावसाळ्यांत पेरलेला नगरचा गांजा रात्री मोठ्या होऊं लागल्या म्हणजे कां तुरे धरी, याचें कारण यांत आहे. आणि माझ्या भाच्याचा मित्र ज्या कपाटाचा अभिमान बाळगीत होता, त्याचा मूळपुरुष म्हणजे सरकारी पैशानें बांधलेलें तें खोपट, हेंहि यांत आहे!

ही विद्या चाळीसपन्नास वर्षें शेतकी कॉलेजांत राहिली. तिला शय्यागृहांत आणलें तें अमेरिकेच्या बंदीनें. तेथें १९३७ सालीं या झाडावर मारून टाकणारा कर बसला. १९७० च्या कायद्यानें त्याला अत्यंत घातक पदार्थांच्या पंक्तींत नेऊन बसविलें. लोकांनीं तें कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडील डोंगरांत लावलें, तर १९८३ पासून सरकारी हेलिकॉप्टरें डोंगरांवर घिरट्या घालूं लागलीं. परसांत कुंपण घालून लावलें, तर १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, विमानांतून डोकावण्यास पोलिसांना वॉरंट नको. आकाशालाच डोळे फुटले तेव्हां झाडानें छप्पर गांठलें: आधीं तळघर, मग माळा, मग कपाट. १९८९ च्या ऑक्टोबरांत तेथील अमली-पदार्थ खात्यानें बागकामाचे दिवे व खतें विकणाऱ्या दुकानांवर देशभर छापे घातले व गिऱ्हाइकांच्या याद्या हस्तगत केल्या. दिवा विकत घेणें हेंच संशयाचें कारण झालें.

या पाठलागाचें शेवटचें टोंक ऑरेगन राज्यांतील फ्लॉरेन्स गांवीं दिसलें. १९९२ च्या जानेवारींत पहांटे तीनच्या सुमारास रस्त्यावरच्या मोटारींत बसून अंमलदारांनीं उष्णता पाहणारें यंत्र एका घरावर रोखलें. छपराचा एक भाग व एक भिंत शेजारच्या घरांहून अधिक ऊन दिसली. त्यावरून वॉरंट काढून ते आंत शिरले, आणि शंभरावर झाडें सांपडलीं. दावा नऊ वर्षें चालला. २००१ च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें पांचास चार मतांनीं निवाडा दिला: घराच्या आंतला तपशील यंत्रानें काढून घेणें ही झडतीच होय, आणि वॉरंटावांचून ती बेकायदा आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति स्कॅलिया मोठे सनातनी. त्यांना गांजाचें प्रेम नव्हतें. पण असें यंत्र घरची बाई स्नानाला केव्हां जाते हेंहि सांगूं शकेल, याकडे त्यांनीं बोट दाखविलें. गांजाच्या निमित्तानें उंबरठ्याची प्रतिष्ठा राखली गेली. अलास्काच्या न्यायालयानें १९७५ सालीं आणि दक्षिण आफ्रिकेच्या घटना-न्यायालयानें २०१८ सालीं याच उंबरठ्याचा आधार घेतला. कानडानें २०१८ त चार झाडें व जर्मनीनें २०२४ त तीन झाडें घरीं लावण्याची मोकळीक दिली.

येथवर वाचून वाचकांस वाटेल कीं, लेखक कपाटाचा कैवारी झाला. तसें नाहीं. कपाटानें एक अपायहि केला आहे. थोड्या जागेंत, चोरून, महागड्या विजेवर जें वाढवावयाचें तें जितकें जालीम तितकें फायद्याचें. निवडून निवडून जालीम वाण तयार झाले. अमेरिकेंत जप्त झालेल्या मालांतील मादक द्रव्याचें प्रमाण १९९५ सालीं सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास होतें, तें २०१४ सालीं १२ टक्क्यांच्या आसपास गेलें. कोवळ्या वयांत असा जालीम गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, याला आज भरपूर पुरावा आहे. १८९४ चा निर्वाळा घेऊन आजच्या कपाटाचें समर्थन करणें म्हणजे ताकावरचा अभिप्राय दारूला लावण्यासारखें आहे. बंदीनें झाड नाहींसें झालें नाहीं. तें लहान, लपलेलें आणि अधिक उग्र झालें.

आपल्याकडे १९८५ चा कायदा आहे. त्यानें गांजाच्या व्याख्येंतून तुऱ्यांवांचूनचीं पानें व बी वगळलीं, म्हणून भांगेला वाट राहिली. पण परवान्याशिवाय झाड लावणें हा गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. हें कलम मला नुसतें वाचून माहीत नाहीं. सोळा वर्षांपूर्वीं मी एका वसतिगृहाचा रेक्टर होतों. तपासणीच्या दिवशीं एका मुलाचें कपाट मीं उघडविलें. पुस्तकांमागें तेलाच्या डब्यांत वीतभर रोप होतें, आणि वर टेबलावरचा दिवा टांगलेला. त्याचेंहि तें पहिलेंच असावें. नियमाप्रमाणें मीं वर कळविलें. तेथून प्रकरण माझ्या हातचें राहिलें नाहीं. त्या मुलाची एक परीक्षा कोठडींत गेली. त्याचे वडील तालुक्याच्या गांवाहून दोनदां माझ्याकडे आले. दुसऱ्या वेळीं कांहींच न बोलता ते पंधरा मिनिटें बसून राहिले व नमस्कार करून गेले.

मीं नियम पाळला, हें मी आजहि सांगेन. पण दाराची कडी मीं काढविली, त्या क्षणीं मला ते २२२ आणि ९८ हे आंकडे आठवावयास हवे होते. दुसऱ्याच्या शब्दावर रकाना भरूं नये, आधीं माणसाला विचारावें, हें वर्षानुवर्षें वर्गांत सांगणाऱ्या मीं त्या मुलाला एकहि प्रश्न विचारला नाहीं. कॅलिफोर्नियांतला तो तरुण कपाटाचें दार पुन्हां लावूं लागला तेव्हां, उजेड आंत शिरून झाडाची रात्र मोडूं नये म्हणून, मीं त्याला घाईनें हात दिला. भाचा हंसला. त्याला ही गोष्ट मीं कधीं सांगितलेली नाहीं.