ड्रॅगन फळ निवडुंग

(पिताया, पिताहाया, गु. कमलम, लॅ. सेलेनिसेरियस उंडॅटस, पूर्वीचे नाव हायलोसेरियस उंडॅटस, कुल-कॅक्टेसी). मांसल, तिधारी खोडाची व आधारावर चढणारी ही बहुवर्षायू वेल मूळची मेक्सिको व मध्य अमेरिका येथील आहे. एकविसाव्या शतकात महाराष्ट्रात शेतात, परसात व गच्चीवरील कुंड्यांत तिची लागवड होऊ लागली. निवडुंग म्हटले म्हणजे रखरखीत माळ डोळ्यांपुढे येतो. ही वनस्पती मात्र माळावरची नसून अरण्यातील आहे. तिच्या निगेतील बहुतेक चुका हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे होतात. यासाठी तिचा पूर्वेतिहास पाहणे उपयुक्त ठरते.

नाव व मूलस्थान : ग्रीक भाषेत ‘हायली’ म्हणजे अरण्य, ‘सेरियस’ हा शब्द मेणबत्तीवरून आला आहे. यावरून या वेलीच्या जुन्या वंशनामाचा अर्थ ‘अरण्यातील मेणबत्ती’ असा होतो. २०१७ मध्ये या वंशाचा समावेश सेलेनिसेरियस वंशात करण्यात आला. मूलस्थानी ही वेल जमिनीत रुजते व खोडाच्या कांड्यांवरील आगंतुक मुळांच्या साहाय्याने वृक्षांवर व खडकांवर चढते. जमिनीशी संबंध तुटला तरी ती काही काळ अपिवनस्पतीप्रमाणे जगते. वृक्षांची विरळ सावली, पालापाचोळ्याचे कुजकट खत व झटकन निथळून जाणारा पाऊस ही तिची नैसर्गिक परिस्थिती होय. पाने नसल्याने अन्ननिर्मितीचे काम हिरवे खोडच करते. पाण्याची बचत व्हावी म्हणून तिची त्वग्रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात.

फुले पांढरी, सुवासिक व सुमारे ३० सेंमी. लांब असून सायंकाळनंतर उमलतात व दुसऱ्या दिवशी सकाळी मिटतात. मूलस्थानी परागण वटवाघळे व मोठे निशाचर पतंग यांच्याद्वारे होते. मृदुफळाची साल गुलाबी व खवलेदार, गर पांढरा आणि बिया लहान, काळ्या व असंख्य असतात. लाल गराची फळे याच वंशातील इतर जातींपासून व संकरांपासून मिळतात.

प्रसार : कॅक्टेसी कुलातील ऱ्हिप्सॅलिस बॅक्सिफेरा ही एक जाती आफ्रिका व श्रीलंकेतही आढळते, ती वगळता हे कुल अमेरिका खंडांचेच आहे. आशियातील इतर सर्व कॅक्टस माणसाने आणलेले आहेत. प्रस्तुत वेलीचा प्रसार फार लवकर झाला. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ एड्रियन हॉवर्थ यांनी १८३० मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले, ते चीनमधून आलेल्या, लागवडीतील वनस्पतीवरून. हवाई बेटांवर होनोलूलू येथील पुनाहो विद्यालयाभोवती १८३६ च्या सुमारास लावलेले तिचे कुंपण रात्री उमलणाऱ्या फुलांमुळे प्रसिद्धी पावले. व्हिएटनाममध्ये तिचा प्रवेश फ्रेंचांमार्फत एकोणिसाव्या शतकात झाला, असे मानतात. तेथे तिला ‘थान्ह लाँग’ (हिरवा ड्रॅगन) म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्या देशाने फळांची मोठी निर्यात सुरू केली आणि दीर्घकाळ मुख्यत्वे फुलासाठी बाळगली गेलेली ही वेल जागतिक बाजारात फळासाठी ओळखली जाऊ लागली.

महाराष्ट्रातील पूर्वीचे निवडुंग : मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द दोन भिन्न कुलांतील वनस्पतींना लावतात. कोकणातील कुंपणांचा काटेरी, चिकाळ निवडुंग यूफोर्बिएसी (एरंड) कुलातील असून त्याचा कॅक्टसशी जवळचा संबंध नाही. चपट्या, मांसल खोडाचा फड्या निवडुंग (ओपन्शिया) मात्र खरा कॅक्टस असून तो अमेरिकेतून आला. त्यावर वाढणाऱ्या कोचिनियल कीटकापासून किरमिजी रंग मिळविण्याची ईस्ट इंडिया कंपनीची इच्छा होती. १७९५ मध्ये ब्राझीलमधून बंगालमध्ये आणलेला कीटक प्रत्यक्षात दुसऱ्याच जातीचा निघाला. त्याचा रंग हलका ठरला. पण त्याने निवडुंगाच्या एका जातीचा मोठ्या प्रमाणावर नाश केला. कीटकांद्वारे तणनियंत्रण केल्याचे हे जगातील पहिले उदाहरण समजले जाते. पुढे इतर जाती दक्षिण भारतात माजल्या, तेव्हा त्यांच्या बंदोबस्तासाठी १९२६ मध्ये दुसरा कोचिनियल कीटक श्रीलंकेतून आणावा लागला. कुंपणासाठी बाळगलेला पाहुणा शेते व कुरणे व्यापू शकतो, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरा पाहुणा मात्र घरोघरी प्रिय झाला. महाराष्ट्रात ‘ब्रह्मकमळ’ म्हणून कुंडीत वाढविली जाणारी वनस्पती (एपिफायलम ऑक्सिपेटॅलम) ही ड्रॅगन फळाच्या वेलीची जवळची आप्त व तिच्यासारखीच अमेरिकेच्या अरण्यांतील आहे. खरे ब्रह्मकमळ (सॉसुरिया ऑब्व्हॅलॅटा) हिमालयातील असून ते सूर्यफुलाच्या कुलातील आहे. पावसाळ्यात रात्री फूल उमलण्याच्या वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणे, फुलाची पूजा करणे व त्या वनस्पतीचा तुकडा आप्तेष्टांना लावण्यास देणे हे प्रघात तिच्याभोवती रूढ झाले. ड्रॅगन फळाची वेल येण्यापूर्वीच अरण्यवासी कॅक्टसची निगा अशा रीतीने मराठी घरांना परिचित झाली होती.

फळपीक : भारतात या पिकाची लागवड विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली व २०१० नंतर वेगाने वाढली. महाराष्ट्रात सांगली, सोलापूर इ. जिल्ह्यांतील अवर्षणप्रवण भागांत कमी पाण्यावर येणारे पीक म्हणून ते स्वीकारले गेले. बारामतीजवळील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने (स्थापना २००९) त्यावर संशोधन केले आहे. जानेवारी २०२१ मध्ये गुजरात शासनाने फळास ‘कमलम’ हे नाव दिले. जून २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील तडसर येथील फळे दुबईस निर्यात झाली.

घरगुती लागवड व निगा : अवर्षणप्रवण भागातील अनुभव सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी जसाच्या तसा लागू पडत नाही. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर तालुक्यांत पावसाळ्याचे चार महिने अतिवृष्टीचे असतात. मुरबाड तालुक्यातील सिद्धगड किल्ल्याचा परिसर भीमाशंकर अभयारण्याच्या (स्थापना १९८५) रानांत मोडतो. सह्याद्रीच्या अशा रानांत आमरीच्या अनेक जाती वृक्षांच्या सालीवर वाढतात. त्यांच्यावर मुसळधार पाऊस कोसळतो. परंतु मुळांपाशी पाणी साचत नाही, म्हणून त्या जगतात. ड्रॅगन फळाच्या वेलीची गरज हीच आहे. तिला पावसापेक्षा साचलेल्या पाण्यापासून अधिक धोका असतो.

अभिवृद्धी छाट कलमांनी करतात. बियांपासून केलेल्या रोपांना फळे येण्यास अनेक वर्षे लागतात. पक्व खोडाचा सुमारे ३० सेंमी. लांबीचा तुकडा सावलीत आठवडाभर ठेवून कापलेली बाजू सुकू देतात. नंतर बुडख्याकडील टोक खाली राहील अशा रीतीने तो उथळ लावतात; उलटा लावल्यास वाढ नीट होत नाही. कुंडी सुमारे ४५ ते ६० सेंमी. व्यासाची व तळाशी भोके असलेली असावी. तांबडी माती, जाड वाळू व चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण वापरतात. अतिवृष्टीच्या प्रदेशात जमिनीत लावावयाचे झाल्यास मातीचा उंचवटा करून त्यावर लावणे श्रेयस्कर असते. मध्यभागी भक्कम खांब रोवून त्याच्या माथ्यावर कडे बसवितात. वेल माथ्यापर्यंत एकसरी चढू देऊन, बगलफुटी काढून, नंतर शेंडा खुडतात. त्यामुळे फांद्या फुटून खाली लोंबतात व त्यांवर फुले येतात.

उन्हाळ्यात माती कोरडी झाल्यावरच पाणी देतात. एप्रिल-मेमधील प्रखर उन्हाने खोड पिवळे पडून करपते, म्हणून दुपारी विरळ सावली करावी लागते. मात्र कायम दाट सावलीत वेल वाढली तरी फुले येत नाहीत. पावसाळ्यात खोडावर तपकिरी ठिपके व कूज दिसू लागल्यास रोगट भाग निर्जंतुक सुरीने कापून नष्ट करतात. मुंग्या व पिठ्या ढेकूण यांचाही उपद्रव होतो.

महाराष्ट्रात फुलांचा हंगाम साधारणतः जून ते ऑक्टोबर असल्याने पावसाने पराग वाहून जाण्याचा संभव असतो. उमललेल्या फुलावर आडोसा करून रात्री मऊ कुंचल्याने पराग किंजल्कावर लावल्यास फलधारणा सुधारते. पांढऱ्या गराच्या प्रकारात सामान्यतः स्वपराग चालतो. लाल गराच्या अनेक प्रकारांना दुसऱ्या प्रकाराचा पराग लागतो. फूल उमलल्यापासून सुमारे एक महिन्यात फळ पिकते. तोडल्यानंतर त्याची गोडी वाढत नसल्याने साल पूर्ण रंगल्यावरच ते काढतात. खोडांचे टाकाऊ तुकडे ओलसर जागी सहज रुजतात. फड्या निवडुंगाचा इतिहास पाहता ते रानात वा ओढ्याकाठी न फेकता परसातच कुजविणे इष्ट असते.