बुकबाइंडरची वही

शिक्षकाच्या पेशांत आयुष्य गेल्यामुळें नोकरीच्या उमेदवारांसाठीं मीं पुष्कळ दाखले लिहिले. मुलगा हुषार आहे, वर्तन चांगलें आहे, इतपत मजकूर. तो वाचून कोणाचें मत फिरलें असेल असें मला वाटत नाहीं. म्हणूनच ज्या तरुणानें दाखल्याऐवजीं स्वतःच्या हातचें लिखाणच पुढें ठेवलें, त्याची हकीकत आज सांगावीशी वाटते.

मायकेल फॅरडे हा लंडनमधील एका गरीब लोहाराचा मुलगा. जन्म १७९१ चा, शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरतें. १८०५ सालीं जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे सात वर्षांच्या करारानें तो पुस्तकें बांधण्याचें काम शिकूं लागला. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचूनही काढी. ज्ञानकोशांतील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेटबाईंचें रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक यांनीं त्याला वेड लावलें. १८१० पासून टेटम नांवाच्या गृहस्थांच्या घरीं होणाऱ्या व्याख्यानांस तो जाऊं लागला. फी दर व्याख्यानास एक शिलिंग. ती थोरला भाऊ देई, आणि तोही लोहारच! तेथें टिपणें घ्यावींत, घरीं तीं विस्तारानें उतरावींत, आकृत्या काढाव्यात, असा क्रम चाले. आकृत्या नीट साधाव्या म्हणून रीबोच्याच घरांत राहणाऱ्या एका चित्रकाराकडून तो रेखाटन शिकला. गुरुदक्षिणा कोणती, तर खोली झाडणें आणि बुटांस काळें पॉलिश करणें.

या वह्या त्यानें स्वतःच बांधल्या. रीबो मोठ्या मनाचा मालक; आपल्या उमेदवाराची करामत तो गिऱ्हाइकांस कौतुकानें दाखवी. त्यामुळेंच विल्यम डान्स या गृहस्थांनीं फॅरडेस रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्रे डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. १८१२ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळांत सज्जांत बसून त्यानें तीं ऐकलीं.

उमेदवारी संपत आली होती आणि धंद्यांत मन रमत नव्हतें. शास्त्राच्या सेवेंत कसलीही जागा मिळावी म्हणून त्यानें रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस पत्र लिहिलें. उत्तराची चौकशी करावयास गेला तेव्हां ‘उत्तर नाहीं’ एवढेंच त्याला सांगण्यांत आलें. अशा कोऱ्या अर्जांचें दुसरें काय होणार?

पुढें, डिसेंबर १८१२ मध्यें, त्यानें डेव्हीसाहेबांस पत्र धाडलें. पण या वेळीं सोबत त्यांच्याच व्याख्यानांची टिपणवही होती. तीनशेंहून अधिक पृष्ठें, सुबक अक्षर, उपकरणांच्या आकृत्या, आणि बांधणी स्वतःची. यांत खुशामतीचा अंश नव्हता काय, असें कोणी विचारील. मला तसें वाटत नाहीं. व्याख्यान डेव्हींचें, तेव्हां कोठें चुकलें, कोठें निसटलें, हें त्यांच्याइतकें अचूक दुसऱ्या कोणास कळणार? परीक्षकापुढें त्याच्याच विषयाची उत्तरपत्रिका ठेवण्याला धाडस लागतें.

२४ डिसेंबरला डेव्हींचें उत्तर आलें. उत्साह, स्मरणशक्ति आणि एकाग्रता यांची त्यांनीं तारीफ केली होती. जानेवारींत भेटही झाली; पण जागा रिकामी नव्हती. ‘पुस्तकें बांधण्याचा धंदा सोडूं नकोस,’ असाच त्यांनीं सल्ला दिला. तो प्रामाणिक होता, असें मी समजतों.

मग फेब्रुवारींत एक निराळाच प्रकार झाला. प्रयोगशाळेतील मदतनिसाची उपकरणें बनविणाऱ्या कारागिराशीं मारामारी झाली, आणि त्याला काढून टाकण्यांत आलें. एके रात्रीं फॅरडे निजावयाच्या तयारींत असतां डेव्हींची गाडी दारांत उभी राहिली. नोकरानें चिठ्ठी दिली, उद्यां सकाळीं भेटावें. १ मार्च १८१३ रोजीं नेमणूक झाली. पगार आठवड्यास पंचवीस शिलिंग, वर माडीवर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या.

मारामारी हा नशिबाचा भाग, हें कबूल. त्यावांचून फॅरडे आणखी किती वर्षें पुस्तकें शिवीत बसला असता कोण जाणे. परंतु जागा मोकळी होतांच डेव्हींस लंडनमधल्या इतक्या तरुणांपैकीं हाच आठवला, याचें कारण ती वही होय. आणि रीबोनें त्या आधींच्या वह्या दुकानांत दाखविल्या नसत्या, तर ही वही लिहिलीच गेली नसती. मालकाचें हें ऋण चरित्रकार दोन ओळींत आटोपतात, याचें मला वाईट वाटतें.

नोकरींत सारेंच गोड नव्हतें. १८१३ ते १८१५ या युरोपच्या प्रवासांत त्याला डेव्हींच्या नोकराचीं कामेंही करावीं लागलीं, आणि लेडी डेव्हींनीं त्याला तशीच वागणूक दिली. १८२४ सालीं रॉयल सोसायटीवर त्याची निवड झाली, तेव्हां विरोध केला तो खुद्द डेव्हींनीं. विद्युत्प्रवर्तनाचा शोध लागला तो १८३१ मध्यें. तो पाहावयास डेव्ही हयात नव्हते. १८२९ सालीं ते वारले. त्यांचें चरित्र लिहिणाऱ्या डॉक्टर पॅरिस यांस फॅरडेनें त्याच वर्षीं २४ डिसेंबरची ती जुनी चिठ्ठी पाठविली, आणि काम होतांच ती जपून परत करावी, अशी विनंति केली.